तन्वीने ऐकलेले अण्णा

बेंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत आमचं घर आणि अण्णांचं शिवणाचं दुकान एकाच छपराखाली होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, मध्ये एक जाड निळा पडदा. अण्णा म्हणजे माझे वडील. आमच्यासारख्या कित्येक पिढ्या बेंगळुरात काढलेल्या मराठी घरांत वडिलांना अण्णाच म्हणत. गिऱ्हाइकं त्यांना मास्टर म्हणायची. हॉटेलातल्या वेटरांचे कोट, वकिलांचे काळे गाऊन आणि नाताळ जवळ आला की चर्चमध्ये गाणाऱ्या मंडळींचे पांढरे झगे, हे त्यांचं मुख्य काम. सकाळी मला जाग यायची ती मशीनच्या आवाजाने. ते थांबलं की स्टँडवरच्या कंडक्टरांच्या आरोळ्या ऐकू यायच्या, शेजारच्या इस्त्रीवाल्याचा रेडिओ ऐकू यायचा, आणि मग आईचं उप्पिटाच्या कढईत उलथनं आपटणं. आमच्या ताटात झुणका आणि नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा, म्हणजे मुद्दा, शेजारी शेजारी असे. हे दोन पदार्थ दोन मुलखांचे आहेत हे मला बरंच मोठं झाल्यावर कुणीतरी सांगितलं.

अण्णा फार बोलत नसत. असं सांगितलं की लोकांना वाटतं, रागीट असतील. तसं नव्हतं. दिवसभर त्यांच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असत, आणि टाचण्या धरून माणूस जेवढं बोलू शकतो तेवढंच ते टाचण्या काढल्यावरही बोलत. ‘हूं.’ ‘सरी’, म्हणजे कानडीत ठीक आहे. ‘स्वल्प थांब’, म्हणजे जरा थांब. माझी प्रगतीची वही ते दोन्ही हातांनी धरून, कापडाचा पोत बघावा तशी बघत आणि सही करून परत देत. मला त्यांच्याबद्दल काय माहीत होतं? ते डाव्या कुशीवर झोपतात, त्यांना दही चालत नाही, आणि माणसाच्या खांद्याकडे एकदा बघून ते त्याचं माप सांगतात. मला वाटायचं, एवढंच असतं वडिलांबद्दल माहीत असण्यासारखं.

आठवीत नागरत्ना मिस आम्हाला समाजशास्त्र शिकवायच्या. बारीक चणीच्या, भराभरा चालणाऱ्या, वर्गात कानडी आणि इंग्रजी मिसळून बोलणाऱ्या. त्यांनी त्या वर्षी आमच्याकडून एक प्रकल्प करून घ्यायचं ठरवलं. वर्गाचं इंटरनेटवर एक पान असेल, त्यावर सगळ्यांनी मिळून लिहायचं. आपल्या घरी किंवा गल्लीत चालणारं एक काम निवडायचं, त्या कामातले शब्द आपल्या घरच्या भाषेत गोळा करायचे, समोर कानडीत आणि इंग्रजीत अर्थ द्यायचा, फोटो लावायचे, आणि काम करणाऱ्या माणसाचा आवाज रेकॉर्ड करून तोही त्यात ठेवायचा. आता हे कुणाला सांगितलं तर त्यात नवल काय असं विचारतील, पण आमच्या लॅबमधले निम्मेच कॉम्प्युटर चालत, आणि एकाने टेबलाच्या या टोकाला टाइप केलेलं दुसऱ्या टोकाच्या पडद्यावर आपोआप उमटताना बघून आम्ही पहिल्या दिवशी खुर्च्यांवर उभे राहिलो होतो. सगळ्या वर्गाला मिळून एकच नाव आणि एकच पासवर्ड होता, कारण अर्ध्या मुलांकडे स्वतःचं खातं नव्हतं. कुणी काय लिहिलं, कुणी काय खोडलं, ते त्या पानाला कळण्याची सोय नव्हती. हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

कुणी मामाचं गॅरेज घेतलं, कुणी आजीचं फुलांचं दुकान, कुणी बिर्याणीची भट्टी. मी शिवणकाम घेतलं. वर्गात मराठी बोलणारी मी एकटीच, म्हणून जोडीदार कुणी नव्हता, आणि मला तेच हवं होतं. माझं इंग्रजी अडखळायचं, गणितात मी मधल्या रांगेतली. पण काज, अस्तर, मुंढा, कळी, धावदोरा हे शब्द माझ्याखेरीज वर्गात कुणालाच येत नव्हते. मिसनी एकदा माझ्या खुर्चीमागे उभं राहून ते सगळे मोठ्याने वाचले आणि म्हणाल्या, “रेणुका, तुझ्याकडे खजिना आहे.” त्या दिवशी मी घरी स्टँडच्या बाजूने न जाता लांबच्या रस्त्याने गेले, ते वाक्य जास्त वेळ जवळ राहावं म्हणून.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तन्वी आली. तिचे वडील सरकारी संशोधन खात्यात इंजिनिअर, पुण्याहून बदली होऊन आलेले, राहायला क्वार्टर्समध्ये. उंच, केस कापलेले, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. मिसनी तिला माझ्या शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, “घे, तुझी जोडीदार आली.” मी चार वाक्यं बोलले असेन, त्यात स्वल्प आलं, सरी आलं, आणखीही काय काय आलं असेल. तन्वी हसली. वाईट हसली नाही. म्हणाली, “तुझं मराठी किती गोड आहे गं.” लहान मुलाच्या बोबड्या बोलण्याला आपण जे म्हणतो ते तिने मला म्हटलं, आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही. तिच्याशी माझं वैर त्या मिनिटाला सुरू झालं. तिला त्याचा पत्ता लागायला पुढे महिना गेला.

पहिल्यांदा शब्द गेले. मी एका कॉम्प्युटरवर, ती दुसऱ्यावर. मी ‘गुंडी’ लिहिलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत ते अक्षर अक्षर पुसलं गेलं आणि तिथे ‘बटण’ उमटलं. ‘कत्तरी’ गेली, ‘कात्री’ आली. मी उठून तिच्याकडे गेले.

“तू माझे शब्द का खोडतेस?”

“खोडत नाहीये, शुद्ध करतेय. कत्तरी कानडी आहे ना? आपलं पान मराठीचं आहे.”

“आमच्या घरी कत्तरीच म्हणतात.”

“हो, पण तो मराठी शब्द नाही ना गं,” ती अगदी शांतपणे म्हणाली. मराठी म्हणजे आमच्या पडद्यामागे आम्ही बोलतो ते, असं मी धरून चालले होते. ते दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीचं आहे, आणि मालकीण माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली आहे, हे मला नवीन होतं.

मग ती घरी आली. रविवारी सकाळी, स्वतःच्या आईचा फोन घेऊन, अण्णांचा आवाज रेकॉर्ड करायला. रेकॉर्डिंग खरं तर मी करायचं होतं, पण मी पंधरा दिवस ते टाळत होते. अण्णांना काय विचारायचं तेच मला सुचत नव्हतं. ‘अण्णा, तुम्ही काय करता’ असं मी कसं विचारणार? आईने तन्वीला पाहुण्यांच्या पेल्यात कॉफी दिली, रव्याचे लाडू दिले. तन्वी दुकानातल्या स्टुलावर बसली, फोन कापायच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “काका, तुम्ही पहिला कोट कधी शिवलात?”

मी पडद्याजवळ, घरात जायच्या दारात उभी होते. अण्णांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या, मनगटावरच्या गादीत टोचल्या, आणि बोलायला लागले. त्यांच्या काकांकडे ते काम शिकायला राहिले होते. पहिला कोट त्यांनी उलट्या बाजूने कापला, एका वकिलाचं महागाचं कापड वाया गेलं, आणि काका रागावले नाहीत म्हणूनच त्यांना रडू आलं. हे ते हसत हसत सांगत होते. तन्वीने विचारलं, “काका, गुंडी आणि बटण एकच ना?” तर म्हणाले, “नाही बाळ. बटण विकत आणायचं. गुंडी कापडाची, आपण वळून करायची. माझी आई रात्रीची भांडी झाली की गुंड्या वळत बसायची.” तन्वी म्हणाली, “अरे वा, मग दोन्ही शब्द ठेवायला हवेत.” माझा शब्द पानावर परत येणार होता, आणि तो तिच्या परवानगीने येणार होता.

मला आजही तो राग आठवतो. तेरा वर्षांत मी अण्णांची लागोपाठ तीन वाक्यं ऐकली नव्हती, आणि ही पुण्याची मुलगी अर्ध्या पेल्याच्या कॉफीत त्यांचं बालपण घेऊन चालली होती. बोलता बोलता अण्णांनी तिची बॅग ओढून घेतली, तिची बिघडलेली चेन पाहिली, आणि हातासरशी नवी बसवून दिली. माझ्या दप्तराची चेन गणपतीपासून तुटलेली होती. मी त्यांना ते सांगितलं नव्हतं, हे खरं. पण तिनेही सांगितलं नव्हतं. मी मागच्या दाराने बाहेर पडले आणि गल्लीत नळापाशी जाऊन उभी राहिले. तिथून शब्द कळत नव्हते, फक्त अण्णांच्या आवाजाचा चढउतार येत होता. मी वाट बघत होते तो थांबायची. तो थांबेना. इस्त्रीवाल्याने एक अख्खा गठ्ठा संपवला तरी तो चालूच होता. शेवटी तन्वी बाहेर आली, तिचे डोळे चमकत होते. “तुझे बाबा भारी आहेत,” ती म्हणाली. मी म्हटलं, “सरी.”

त्या आठवड्यात मिसनी त्या रेकॉर्डिंगमधला दोन मिनिटांचा तुकडा वर्गाला ऐकवला. भाषा कळत नसूनही मुलं गप्प बसून ऐकत होती. मागून आमच्या मशीनचा आवाज, इस्त्रीवाल्याचा रेडिओ. मिस म्हणाल्या, “असं बोलतं करता आलं पाहिजे माणसाला. तन्वीसाठी टाळ्या.” मीही वाजवल्या. घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, “ती पोर परत कधी येणार?” आपण होऊन विचारलेला प्रश्न. आई म्हणाली, “तिच्या आईला चटणी पाठवू या शेंगदाण्याची.” मी जेवले नाही. पोट दुखतंय म्हणाले.

पाळीपाळीने लॅब बंद करायचं काम आमच्याकडे असे. त्या शुक्रवारी माझी पाळी होती. मुलं गेली, पंखे बंद केले, एक कॉम्प्युटर चालू ठेवला. वर्गाचं पान उघडलं. शिवणकाम. खाली अण्णांच्या आवाजाची फाइल. तन्वीच्या आईच्या फोनमध्ये जागा नव्हती म्हणून तिने तिथलं पुसून टाकलंय, हे तन्वी मला बोलता बोलता म्हणाली होती. म्हणजे जे होतं ते एवढंच, आणि हे मला माहीत होतं. मी ऐकावं असं क्षणभरही मनात आलं नाही. मला त्यातला तिचा आवाज नको होता, तिचं ते ‘काका’ नको होतं. मी फाइल पुसली. मग पुसलेल्या गोष्टी जिथे जाऊन पडतात तिथे जाऊन तिथूनही पुसली. ‘हे परत मिळणार नाही’ अशी सूचना आली, मी हो म्हटलं. मग कॉम्प्युटर बंद केला, कुलूप लावलं, किल्ली ऑफिसात दिली. घरी येताना मला हलकं वाटत होतं. खोटं कशाला लिहू, फार हलकं वाटत होतं.

प्रदर्शन सोमवारी होतं. त्या शनिवारी-रविवारी कुणी पानाकडे बघितलं नाही. आईवडिलांना बोलावलं होतं, पण नाताळाच्या झग्यांची घाई असताना अण्णा दुकान बंद करतील असं मला वाटलं नव्हतं. ते आले. स्वतः शिवलेला तपकिरी कोट घालून, दाढी करून, केसांना पाणी लावून. त्या कोटात मी त्यांना फक्त लग्नकार्यात पाहिलं होतं. ते मागच्या बाकावर, इतर पालकांत न मिसळता, गुडघ्यांवर हात ठेवून बसले.

आमची पाळी आली. तन्वीने शब्द वाचून दाखवले. गुंडी आणि बटण दोन्ही होते, कत्तरीही तिने परत घातली होती. मग ती म्हणाली, “आता आपण मास्टरांचा आवाज ऐकू या. शेवटचा भाग आहे, तो मी कुणालाच ऐकवलेला नाही, रेणुकालाही नाही.” तिने दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. मिस धावत आल्या, इकडे शोधलं, तिकडे शोधलं. तन्वीचा चेहरा पांढरा पडला होता. सगळा वर्ग वळून अण्णांकडे बघत होता, आणि अण्णा उभे राहिले. म्हणाले, “मिस, माझंच चुकलं असेल. मी हळू बोलतो. मशीनला माझा आवाज आला नसेल.” कानडीत म्हणाले, त्यामुळे सगळ्यांना कळलं. मिस म्हणाल्या, “तसं काही नाही, मास्टर. तुम्हीच दोन शब्द बोला ना.” अण्णांनी तोंड उघडलं. घसा खाकरला. कोटाच्या बाहीची कड चिमटीत धरली. “हे काज,” ते म्हणाले. “हे अस्तर.” आणि ते खाली बसले. पुढच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं.

परत येताना ते स्टँडजवळ थांबले आणि माझ्यासाठी मोसंबीचा रस घेतला. मी रडवेली दिसत होते, आणि त्यांना वाटलं मी त्यांच्यामुळे खट्टू झाले आहे. “मला बोलता येत नाही चार लोकांत,” ते म्हणाले. “तुझे मार्क गेले का?” तिथे, त्या रसाच्या गाड्यापाशी, मी सांगितलं. “अण्णा, तुमचा आवाज मी पुसला.”

त्यांनी पेला खाली ठेवला. “का?”

“तुम्ही तिच्याशी बोललात.”

बस आली, माणसं आमच्या अंगावरून चढली-उतरली. मला वाटलं मारतील. त्यांनी कधी मारलं नव्हतं, पण त्या दिवशी मारलं असतं तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “त्या पोरीला उद्या सांग. दुसऱ्या कुणी सांगायच्या आत.” घरी जाईपर्यंत आणि त्यानंतरही त्यांनी हा विषय काढला नाही. मी पुढे दोनदा-तीनदा विचारलं, त्या दिवशी काय सांगितलं होतं तुम्ही तिला? “काही नाही, असंच,” म्हणायचे. बोललेलं पुन्हा बोलणं त्यांना जमत नसे. ते गेले तोवर मी विचारायचंही सोडून दिलं होतं.

तन्वीला मी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी सांगितलं. तिने मला शिवी दिली नाही, मिसना जाऊन सांगितलं नाही. “का?” असंही विचारलं नाही. फक्त जागा बदलून घेतली. नाताळची सुट्टी गेली, संक्रांत गेली. मग एक दिवस डब्याच्या सुट्टीत ती माझ्या बाकापाशी येऊन उभी राहिली, हाताची घडी घालून.

“मी विसरायच्या आत सांगते,” ती म्हणाली. “तुझ्यासाठी नाही. काकांसाठी. मध्ये बोलू नकोस.”

मी मान हलवली.

“काका म्हणाले, माझ्या मुलीला माझ्या कामाची लाज वाटत असेल असं मला वाटायचं. मैत्रिणींना ती कधी दुकानात आणत नाही. आता शाळेत लिहायला तिने माझं दुकान निवडलं. ते मला तिच्या आईकडून कळलं. त्या दिवशी मी शिडी लावून पाटी पुसली, दहा वर्षांत पुसली नव्हती. हे तिला सांगायचं आहे, पण तिच्यासमोर माझं तोंड उघडत नाही.” तन्वीने हाताची घडी सोडली. “हा शेवटचा भाग होता. तो मी तुला सगळ्यांसमोर ऐकवणार होते.”

मी डब्याचं झाकण लावलं.

“आणि एक,” ती म्हणाली. “माझं काम वीस मिनिटांत झालं होतं. मी दोनदा फोन बंद करायला गेले. काका दोन्ही वेळा म्हणाले, स्वल्प थांब, ती बाहेर गेलीय, येऊ दे. आणि मग आणखी काहीतरी सांगत बसायचे. तू आलीच नाहीस.”

घंटा झाली तशी ती आपल्या जागेवर गेली. तिच्या-माझ्यात पुढे मैत्री झाली नाही. दोन वर्षांनी तिच्या वडिलांची पुन्हा बदली झाली आणि ती गेली. तिने माझं काही वाईट केलं नव्हतं, उलट जे देण्यासारखं होतं ते सगळं आणून दिलं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण अण्णा माझ्याविषयी जे बोलले, ते त्यांच्या तोंडून ऐकलेलं माणूस या जगात एकच आहे, आणि ते मी नाही. या वयातही मला तिचा हेवा वाटतो.